उमेदवाराच्या सहधर्मचारिणीकडे पाहताना

निवडणुका जाहीर झाल्या की उमेदवाराबरोबर आणखी एक व्यक्ती आपल्या दारी येते. मतदान यंत्रावर तिचे नाव नसते. जाहीरनाम्यात तिचे आश्वासन नसते, आणि निवडून आल्यावर शपथ घ्यायलाही ती उभी राहणार नसते. तरीही तिचे येणे आपल्या मनावर ठसा उमटवून जाते आणि कित्येकदा आपले मत त्या ठशावरच ठरते. ही व्यक्ती म्हणजे उमेदवाराची पत्नी किंवा, उमेदवार स्त्री असेल तर, तिचा पती. या सहचराकडे ख्रिस्ती मतदाराने कोणत्या दृष्टीने पाहावे, त्याच्या दर्शनावरून कोणता निष्कर्ष काढावा व कोणता काढू नये, याचा विचार आपल्या कुटुंबांमधून फारसा होत नाही. तो व्हावा, या हेतूने आम्ही हे लिहीत आहोत.

आमच्यासमोर उदाहरण आहे ते पनवेल परिसराचे. खारघर आणि तळोजे यांच्या शेजारचे ओवे हे गाव एकेकाळी भातशेतीचे होते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील पंच्याण्णव गावांच्या जमिनींवर नव्या मुंबईची आखणी झाली आणि या भागाचे रूप पालटले. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि ओव्यासह एकोणतीस गावे तिच्या हद्दीत आली. २४ मे २०१७ रोजी तिची पहिली निवडणूक झाली तेव्हा अठ्ठ्याहत्तर जागा होत्या व त्यांतील निम्म्या स्त्रियांसाठी राखीव होत्या. लोकसभेसाठी हा भाग मावळ मतदारसंघात मोडतो. २०२४ सालच्या मे महिन्यात लोकसभेचे आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विधानसभेचे मतदान येथे झाले. सांगायचे तात्पर्य, ओव्याच्या माणसाला प्रचार नवा नाही. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंतच्या साऱ्या प्रचारफेऱ्या त्याच्या अंगणातून गेल्या आहेत.

या फेऱ्यांत पुरुष मंडळी पुढे चालतात. ताशा वाजत असतो, पत्रके वाटली जातात, उमेदवार हात जोडून पुढे सरकतो. त्याच्या मागून स्त्रियांचा एक घोळका येतो व त्यात त्याची पत्नी असते. उमेदवार उंबरठ्याबाहेर नमस्कार करून निघून जातो, ती मात्र आत जाते. म्हातारीच्या पाया पडते, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते, लेकराचे नाव विचारते. ख्रिस्ती घर असेल तर वेदीवरच्या पवित्र मरियेच्या तसबिरीपुढे क्षणभर हात जोडते. ती निघून गेली की घरातल्या बाया म्हणतात, "वहिनी किती साध्या आहेत! अंगावर दागिना नाही की बोलण्यात ताठा नाही." आणि लगेच पुढचे वाक्य येते, "म्हणजे माणूस चांगलाच असणार."

या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, ते आपण नकळत ओलांडतो. पहिले वाक्य आपण डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीविषयी आहे. दुसरे वाक्य आपण न पाहिलेल्या, किंबहुना दुसऱ्याच व्यक्तीविषयी आहे. पत्नीच्या साधेपणातून पतीचे चारित्र्य सिद्ध होते, असे मानण्यास आधार कोणता?

पवित्र शास्त्र तरी असा आधार देत नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात नाबाल आणि अबीगईल यांची कथा आहे. नाबाल धनवान होता, पण वागण्याने कठोर व उर्मट. अबीगईल शहाणी होती. नवऱ्याने दावीदाच्या माणसांचा अपमान केला आणि दावीद तलवार घेऊन निघाला, तेव्हा तीच भाकरी, द्राक्षारस व शिजवलेले मांस गाढवांवर लादून वाटेत आडवी गेली आणि घरादाराचा संहार टळला. अबीगईल आज आपल्या दारी प्रचाराला आली असती, तर तिच्याकडे पाहून आपण नाबालला मत दिले असते. तिच्या गुणांत काहीही खोट नव्हती, खोट आपल्या अनुमानात असती.

याच्या उलटही घडते. राजांच्या पहिल्या पुस्तकातील अहाब आणि ईजबेल यांची गोष्ट आपण उपदेशात अनेकदा ऐकली आहे. नाबोथाचा द्राक्षमळा अहाबाला हवा होता. वाडवडिलांची जमीन विकणार नाही, असे नाबोथाने सांगितले. अहाब रुसून बिछान्यावर पडून राहिला. मग ईजबेलीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मुद्रा उमटवली, खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाचा बळी घेतला. ज्या परिसरात जमिनीचा प्रश्न हाच दोन पिढ्यांचा जीवनमरणाचा प्रश्न होऊन राहिला आणि १९८४ च्या जानेवारीत ज्यासाठी शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या, तेथे ही कथा वेगळ्या कानांनी ऐकली जाते. तिच्यातील एक बारकावा मात्र आपल्या नजरेतून निसटतो. ईजबेलीकडे अधिकारपद नव्हते, मुद्रा अहाबाची होती. परमेश्वराने संदेष्टा एलीया याला पाठविले ते प्रथम अहाबाकडे. बायकोने केले, मला ठाऊक नव्हते, ही सबब चालली नाही. ज्याच्या नावाने मुद्रा उमटते, उत्तरही त्यालाच द्यावे लागते.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत शास्त्राच्या बराच जवळ आला आहे, हे पाहून समाधान वाटते. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, उमेदवाराविषयीची माहिती मिळणे हा मतदाराचा हक्क आहे. त्यानंतर १३ मार्च २००३ च्या निकालाने हा हक्क अधिक पक्का झाला. तेव्हापासून उमेदवाराला नामनिर्देशनपत्राबरोबर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात त्याच्यावरील फौजदारी खटले, शिक्षण, कर्जे आणि मालमत्ता यांची नोंद असते. मालमत्ता केवळ त्याची नव्हे, तर पती वा पत्नीची आणि अवलंबून असणाऱ्या मुलांचीही. रोकड, ठेवी, दागिने, वाहने, शेतजमीन, बिगरशेती भूखंड, घरे हे सारे रकाने त्यात आहेत. ही प्रतिज्ञापत्रे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जातात व निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात.

थोडा विचार करा. प्रचारफेरीतील पत्नी आणि प्रतिज्ञापत्रातील पत्नी ही एकच व्यक्ती आहे. प्रचारफेरीत तिच्या गळ्यात एक साधी पोत असते, प्रतिज्ञापत्रात तिच्या नावावरील सोन्याचे वजन लिहिलेले असते. फेरीत ती म्हणते, "आम्ही तुमच्यासारखीच माणसे आहोत." प्रतिज्ञापत्रात तिच्या नावे किती गुंठे, किती एकर आहेत, हे नमूद असते. संपत्ती असणे हे पाप नव्हे, आणि स्वकष्टाने वा वारशाने मिळालेल्या सोन्याबद्दल कोणत्याही स्त्रीला लाजण्याचे कारण नाही. पण साधेपणाचे दर्शन घडवून मत मागितले जात असेल, तर ते दर्शन आणि ती नोंद एकमेकांशी जुळते का, हे पाहणे मतदाराचे कर्तव्य ठरते. कायद्याने पत्नीचा रकाना ठेवला तो तिचा अपमान करण्यासाठी नव्हे. पुरुष आपली मिळकत बायकोच्या नावामागे लपवतो, या जुन्या अनुभवातून तो रकाना आला आहे. म्हणजे आपल्या समाजात पत्नीचे नाव दोन्ही कामांसाठी वापरले जाते, चांगुलपणा दाखविण्यासाठी आणि मालमत्ता झाकण्यासाठी. तिला या दोन्हींबद्दल कोणी विचारले होते का, हा खरा नैतिक प्रश्न आहे.

ही केवळ आपल्याकडची रीत आहे असे नाही. १९५२ साली अमेरिकेत उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार रिचर्ड निक्सन यांच्यावर अठरा हजार डॉलरांच्या एका निधीवरून आरोप झाले. २३ सप्टेंबर रोजी त्यांनी दूरदर्शन संचावरून राष्ट्रापुढे खुलासा केला. पत्नी पॅट शेजारी खुर्चीत बसून होत्या. आपल्या पत्नीकडे महागडा फरचा कोट नाही, साध्या कापडाचा कोट आहे, असे निक्सन यांनी सांगितले. निधीचा प्रश्न हिशेबाचा होता, पण लोकांच्या स्मरणात तो कोट राहिला. पॅट निक्सन त्या भाषणात एक शब्दही बोलल्या नाहीत.

१९६० साली जॉन केनेडी हे कॅथलिक उमेदवार राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते. त्यांच्या पत्नी जॅकलीन गरोदर असल्याने शेवटच्या महिन्यांत फारशा फिरल्या नाहीत. घरी बसून त्यांनी वृत्तपत्रांसाठी प्रचारातील पत्नीच्या अनुभवांचे सदर लिहिले आणि स्पॅनिश भाषिक मतदारांना त्यांच्या भाषेतून आवाहन केले. १९७२ साली एडमंड मस्की या दुसऱ्या कॅथलिक नेत्याच्या पत्नीवर एका वृत्तपत्राने चिखलफेक केली. न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर शहरी, बर्फ पडत असताना, मस्की यांनी उघड्यावर उभे राहून पत्नीची बाजू घेतली. ते बोलताना रडले, असे बातमीदारांनी लिहिले. गालावरचे पाणी वितळलेल्या बर्फाचे होते, असे मस्की म्हणाले. परंतु हा माणूस मनाने कमकुवत आहे, असा बोभाटा झाला आणि त्यांच्या उमेदवारीला ओहोटी लागली. पत्नीला शेजारी गप्प बसविणाऱ्याची सरशी झाली आणि तिच्यासाठी ज्याचा कंठ दाटला त्याला दुबळा ठरविले गेले. यात दोष केवळ पुढाऱ्यांचा नाही. मतदार काय पाहून भुलतो आणि काय पाहून पाठ फिरवतो, हेही त्यातून कळते.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात मात्र पतिपत्नींच्या नात्याची वेगळी उदाहरणेही आहेत. यशवंतराव चव्हाण आणि वेणूताई यांचा विवाह १९४२ च्या जूनमध्ये झाला. काही आठवड्यांतच चले जाव चळवळ पेटली, यशवंतराव भूमिगत झाले आणि १९४३ साली नवविवाहित वेणूताईंना अटक झाली. पुढे यशवंतराव राज्याचे मुख्यमंत्री झाले, केंद्रात मंत्री झाले, पण वेणूताईंनी स्वतः कधी निवडणूक लढविली नाही. १९८३ साली त्या गेल्या आणि दीड वर्षाच्या आत यशवंतरावही गेले. या स्त्रीने नवऱ्याच्या राजकारणाची किंमत प्रचारफेरीत नव्हे, तर तुरुंगात मोजली होती.

दुसरे उदाहरण मधू आणि प्रमिला दंडवते यांचे. मधू दंडवते १९७१ पासून १९९१ पर्यंत कोकणातील राजापूरचे खासदार होते. आणीबाणीत ते बंगळूरच्या कारागृहात होते आणि प्रमिलाबाई येरवड्याच्या. दोघांमध्ये संवाद उरला तो पत्रांचाच. १९८० साली प्रमिलाबाई मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या आणि पतिपत्नी दोघेही एकाच सभागृहाचे सभासद झाले. येथे पत्नी नवऱ्याच्या प्रचाराची शोभा नव्हती. ती स्वतःच्या मतांची, स्वतःच्या कार्याची धनी होती.

या दोन जोडप्यांची रीत भिन्न होती, एकीने घर सांभाळले व दुसरी सभागृहात गेली. म्हणून उमेदवाराच्या पत्नीने अमुकच प्रकारे वागावे, असा नियम करता येत नाही. ती प्रचाराला आली म्हणून ती पुढे पुढे करणारी ठरत नाही, आणि आली नाही म्हणून घरात काही बिनसले आहे असेही ठरत नाही. आपल्याकडे दोन्ही गोष्टींची कुजबुज होते. लग्नघरी, बाजारात, इतकेच काय पण मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारातही होते. ही कुजबुज आठव्या आज्ञेच्या कक्षेत येते, याचे स्मरण द्यावेसे वाटते. उमेदवाराने मते मागितली आहेत, तेव्हा त्याच्या कारभाराची चिकित्सा करण्याचा आपणांस अधिकार आहे. पत्नीचे माहेर, तिची जात, तिचे मूल होणे न होणे, तिचे कपडे यांची चिकित्सा करण्याचा अधिकार कोणी कोणास दिलेला नाही.

२०२४ साली बारामती मतदारसंघात हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. त्या निवडणुकीत अजित पवार यांच्या पत्नी सुनेत्रा पवार आणि त्यांची नणंद सुप्रिया सुळे समोरासमोर उभ्या होत्या. वर्षानुवर्षे नवऱ्याच्या प्रचारात दिसणारी पत्नी आता स्वतःच उमेदवार होती. शेती, पाणी, उद्योग यांवर बोलणी व्हायला हवी होती. चर्चा रंगली ती लेक मोठी की सून मोठी आणि सून ही घरची की बाहेरून आलेली, यावर. सुप्रिया सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी विजयी झाल्या. निकाल कोणाच्या बाजूने लागला हा आमचा विषय नाही. दोन प्रौढ, कर्तृत्ववान स्त्रिया उभ्या असताना आपण त्यांना नात्याच्या तराजूतच तोलले, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. ज्या सुना आपल्या घरी पंचवीस-तीस वर्षे राबल्या, त्यांना आपण आजही मनातून बाहेरच्या समजतो काय? हा प्रश्न बारामतीपुरता नाही, आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घराचा आहे.

याच नाण्याची दुसरी बाजू स्थानिक स्वराज्य संस्थांत दिसते. १९९३ पासून घटनेने तेथे स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या आणि २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. अनेक स्त्रियांनी या संधीचे सोने केले. परंतु कित्येक ठिकाणी फलकावर बाईचे छायाचित्र लहान आणि नवऱ्याचे मोठे असते. निवडून आल्यावर सही तिची व निर्णय त्याचा. लोक त्याला सरपंचपती म्हणतात, आणि हा शब्द थट्टेने वापरला जात असला तरी कारभार खरोखर तसा चालतो. नाबोथाच्या कथेतील मुद्रा आठवावी. मुद्रा एकाची आणि हात दुसऱ्याचा असला, की जाब कोणाला विचारायचा हेच जनतेला कळत नाही.

तर मग उमेदवाराच्या सहचराकडे पाहून काहीच शिकता येत नाही का? येते, पण आपण पाहतो त्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी पाहावे लागते.

ओव्यातील एक प्रसंग आम्ही पाहिलेला आहे. प्रचारफेरीत एका उमेदवाराची पत्नी एका घरात शिरली. घरातील वृद्ध बाईने तिला बसायला पाट दिला आणि पाण्याचे गाऱ्हाणे मांडले. पाणी केव्हा येते, किती वेळ येते, सुनेला रात्री जागून भांडी कशी भरावी लागतात, हे सारे तिने सांगितले. ती बाई शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आजी, मी साहेबांना सांगते." त्यावर म्हातारी म्हणाली, "तू सांगशील गो बाय, पन तो तुजा आयकंल का?"

फेरी पुढे गेली. परंतु उमेदवाराच्या पत्नीसंबंधी विचारण्यासारखा एकमेव प्रश्न त्या निरक्षर स्त्रीने विचारला होता, असे आम्हांस वाटते. पत्नी साधी आहे का, हसतमुख आहे का, हे तिने विचारले नाही. पती तिचे ऐकतो का, एवढेच विचारले. सत्ता हाती आलेल्या माणसाच्या घरात त्याला सत्य सांगणारे कोणी आहे का, आणि असल्यास त्याला कान आहेत का, यावर हजारो लोकांचे हित अवलंबून असते.

मत्तयच्या शुभवर्तमानात अशी एक पत्नी आहे. तिचे नाव तेथे दिलेले नाही. पिलात न्यायासनावर बसला असताना तिने निरोप पाठविला की, या नीतिमान माणसाच्या भानगडीत पडू नका, स्वप्नात मला त्याच्यामुळे फार यातना झाल्या आहेत. तिला न्यायालयात बोलण्याचा अधिकार नव्हता. शिष्य पळाले होते, पेत्राने नाकारले होते, जमाव ओरडत होता. अशा वेळी येशू निर्दोष आहे, असे सत्ताधीशाला सांगणारा तो आवाज त्याच्या घरातून आला होता. पिलाताने तो ऐकला आणि बाजूला ठेवला. जमावाची मर्जी त्याला अधिक मोलाची वाटली. मग त्याने पाणी मागवून हात धुतले. पूर्वेकडील काही प्राचीन ख्रिस्तमंडळांत या स्त्रीला संत म्हणून मान दिला जातो. तिचा निरोप ज्याच्यासाठी होता त्याचे नाव मात्र आपण दर रविवारी विश्वासांगिकारात घेतो, ते प्रभूने कोणाच्या अमदानीत दुःख सोसले हे सांगण्यासाठी.

सहचराचा सल्ला नेहमीच योग्य असतो, असा याचा अर्थ नव्हे. संत थॉमस मोर हे इंग्लंडचे चॅन्सलर होते. राजाने लादलेली शपथ घेण्यास त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीने नकार दिला आणि ते लंडनच्या मनोऱ्यात बंदिवान झाले. पत्नी ॲलिस तुरुंगात भेटायला आली. एवढे सुंदर घर, बाग, ग्रंथालय सोडून या उंदरांच्या कोठडीत का राहता, इतर थोर लोकांनी शपथ घेतलीच ना, असे तिने त्यांना विचारले. मोर यांनी तिचे सारे ऐकून घेतले, प्रेमाने उत्तर दिले, पण ते मानले नाही. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना राजकारणी लोकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. ऐकणे म्हणजे आज्ञा पाळणे नव्हे. पिलाताने सत्याला बगल दिली ती स्वतःची खुर्ची वाचविण्यासाठी, मोर यांनी प्रेमळ विनवणी बाजूला ठेवली ती सत्य वाचविण्यासाठी, आणि त्याची किंमत स्वतः मोजली. दोघांनीही पत्नीचे मानले नाही, पण एकाला संतपद लाभले आणि दुसरा हात धुणारा म्हणून लक्षात राहिला. फरक हेतूत होता.

आता आमच्या धर्मग्रामांविषयी दोन शब्द. निवडणुकीच्या काळात उमेदवाराची पत्नी रविवारी मिस्सेला येऊन बसते, हे अनेक ठिकाणी घडते. ती कॅथलिक असेल तर "आपलीच आहे" असे म्हटले जाते. मंदिर, मशीद, चर्च यांचा प्रचारासाठी वापर करण्यास आचारसंहितेची मनाई आहे. मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० सालच्या निवडणुकीतून निघालेल्या एका खटल्यात २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्याही धर्म, जात, भाषा यांच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट आचार होय. ख्रिस्तसभेच्या कायद्यानेही आम्हां धर्मगुरूंना सत्तेची पदे निषिद्ध केली आहेत. तेव्हा वेदीवरून अशा पाहुणीचे नाव घेणे आम्हांस शोभत नाही. तिला हाकलून देणेही शोभत नाही. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या पाहुण्याला मानाची जागा आणि दरिद्र्याला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीची कानउघाडणी आहे. बाकावर जेथे जागा असेल तेथे तिने बसावे, प्रार्थना करावी, आणि शांतीचे चिन्ह देताना शेजारणीने तिच्याकडे पाहून हसावे. प्रभूच्या घरात ती उमेदवाराची पत्नी नाही, बाप्तिस्मा झालेली असो वा नसो, देवाची लेक आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली राजकारणाला कठीण पण अत्यंत उदात्त असे कार्य म्हटले आणि ज्यांना त्याची पात्रता आहे त्यांनी त्यासाठी सिद्ध व्हावे, असे आवाहन केले. आपल्या समाजातील किती स्त्रियांना आपण या कार्यासाठी पुढे पाठविले? आणि ज्या पुढे गेल्या, त्यांच्या पतींपैकी किती जण फलकावरून आपले छायाचित्र काढून घ्यायला तयार आहेत?

शेवटी हा प्रश्न उमेदवाराच्या घरातून फिरून आपल्याच घरी येतो. मतदानाच्या आदल्या रात्री आपल्या घरांतून काय घडते? पुष्कळ घरांत नवरा सांगतो, "उद्या अमुक बटण दाबायचे," आणि बाई मान हलवते. जो पुरुष उमेदवाराच्या पत्नीचा साधेपणा वाखाणतो, तोच आपल्या पत्नीला कोणास मत द्यावेसे वाटते, हे विचारत नाही. लग्नाच्या साक्रामेंतात दोघांनी वेदीपुढे स्वतःच्या मुखाने संमती दिली होती, एकाची संमती दुसऱ्याने दिलेली चालली नव्हती. मतदानाच्या यंत्रापुढेही माणूस एकटाच उभा राहतो. कायद्याने तेथे गुप्तता ठेवली आहे ती सावकारापासून, पुढाऱ्यापासून, आणि नवऱ्यापासूनही.

आम्ही एवढेच सुचवू. यापुढील निवडणुकीच्या आदल्या संध्याकाळी, जपमाळेनंतर, पतिपत्नींनी अर्धा तास एकत्र बसावे. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे मुलाबाळांकडून उघडून घ्यावीत आणि वाचावीत, खटल्यांचा रकाना, मालमत्तेचा रकाना, पतिपत्नीच्या नावांचे रकाने. गावच्या पाण्याचा, रस्त्याचा, शाळेचा, जमिनीचा प्रश्न कोणी कसा हाताळला, हे बोलावे. पुरुषाने आधी पत्नीचे ऐकावे, कारण पाणी भरायला रात्री कोण जागते, हे तिला अधिक ठाऊक असते. मग दुसऱ्या दिवशी दोघांनी आपापल्या विवेकाला स्मरून मत द्यावे. दोन्ही मते एकच पडली तर उत्तम, वेगळी पडली तरी घराला काही तडा जात नाही. ओव्याच्या त्या आजीने विचारलेला प्रश्न, ज्या घरी नवरा आणि बायको एकमेकांचे ऐकतात, त्या घराने उमेदवाराला विचारावा. तो विचारण्याचा अधिकार त्या घराने मिळविलेला असतो.